काळदरीचा सरदार

निताचं पत्र आलं तेव्हा सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही. सोयाबीन निघालं, मालेगावच्या बाजारात नेऊन घातलं, रिकाम्या रानात हरभरा पेरून झाला, तरी दिलं नाही. पत्र लहानच होतं. वहीचा एक कागद, निळ्या पेनाने लिहिलेला, आश्रमशाळेत शिकलेल्या मुलींचं असतं तसं गोल, ठसठशीत अक्षर.

'जगदेवकाका, तुम्ही मला ओळखत नाही. मी रूपलाची मुलगी. बाप उसाच्या फडावर मेला तेव्हा मी तान्ही होते. त्याचा एकही फोटो नाही. लग्नातसुद्धा फोटोवाला बोलावला नव्हता. आईला काचबिंदू झाला आहे. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही जाईल. आई म्हणते, त्याआधी एकदा त्याचं तोंड पाहून घेऊ द्या. ती सांगते की तुम्ही आणि बाप वाचनालयात बसून चित्रं काढत होते. बाप दिसायला कसा होता? हे आता तुम्हीच सांगू शकता. चित्र काढून द्याल का? घरात टांगायचं आहे.'

खाली मोबाईल नंबर होता. मी फोनही केला नाही. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडून आधी काहीच निघत नाही, आणि मग नको ते निघतं. पण खरं कारण ते नव्हतं.

किन्हीराजाच्या वाचनालयात मी उभा जन्म पुस्तकं देण्या-घेण्याचं काम केलं. एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल. पुण्याहून महिन्याला एक चित्रकथेचा अंक टपालाने यायचा, 'घोंगडीराव'. रानात वाट चुकलेल्यांना घरी पोचवणारा माणूस. डोक्यापासून पोटरीपर्यंत घोंगडीत गुंडाळलेला, हातात कंदील. त्याचा चेहरा चित्रकाराने एकदाही दाखवला नाही. पाठ दिसायची, नाहीतर घोंगडीच्या आतला अंधार. अंक मुलांसाठी होता. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, लग्न झालेला माणूस, पण पाकीट फोडून तो आधी मीच वाचायचो, दार लोटून घेऊन.

माझ्यासारखाच वेडा आणखी एक निघाला, तो रूपला. जवळच्या तांड्यावरचा. सातवीपर्यंत शिकलेला, शेतमजुरी करणारा. बाजाराच्या दिवशी यायचा. आधी दाराशी पोत्यावर बसून वाचायचा. टेबलाशी खुर्च्या रिकाम्या असायच्या. 'वर बस' असं मी म्हणायचो आणि तो 'हाय ना बरं' म्हणायचा. वर बसायला त्याने बरेच बाजार घेतले.

एकदा त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. घोंगडीराव होता, पण आमच्या किन्हीराजाच्या नाल्यात उभा, आणि मागे आमचीच बाभळ. कागदाला गोडं तेल चोळून तो पारदर्शक करायचा, अंकावर ठेवून घोंगडीराव उतरवून घ्यायचा, आणि आजूबाजूचं सगळं आपल्या मनाचं काढायचा. मीही ते शिकलो. मी टाक आणि शाई आणली, तो रंग आणायचा. कपड्याची नीळ, हळद, कुंकू. आम्ही घोंगडीरावाला एसटीच्या टपावर बसवला, कापसाच्या गाडीवर झोपवला. पुण्याच्या चित्रकाराला जे कधी सुचलं नसतं ते सगळं त्याला करायला लावलं. रूपलाची बोटं आठवडाभर निळी असायची. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, 'धुनं धुतलं.' मग विचारणारे आणखीच हसायचे.

त्यातच तो अंक आला, 'काळदरीचा सरदार'. काळदरीतले लुटारू वाटसरूंना लुटतात आणि घोंगडीराव त्यांना धडा शिकवतो. लुटारूंच्या बायकांच्या घागऱ्यांना आरसे लावलेले होते, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. सरदाराच्या कानात बाळी, जुळलेल्या भुवया, बारीक डोळे, वर वळवलेली मिशी. रूपलाने तो अंक एका बैठकीत वाचला. मी टेबलामागून पाहत होतो.

"जगदेवभाऊ, हे आमचेच लोकं हायेत का?"

"गोष्ट हाय बाप्पा. गोष्टीत चालते."

"कपडे तं आमच्या बायकाईचेच हायेत." मग तो हसला. "सरदाराचं नाक पाहा. माह्या काकाचं हाय. काकाले दाखवतो, भाव खाईन."

मीही हसलो. त्याने पानं पुन्हा उलटली.

"घोंगडीरावाले चेहरा नाही ना?"

"कवाच दाखवत नाही. तेच तं गंमत हाय."

"आन चोराले हाय," तो म्हणाला. अंक परत केला, सही केली आणि गेला. पुढच्या बाजाराला तो आला आणि त्याने नवा अंक मागितला. आम्ही पुन्हा चित्रं काढायला लागलो.

त्याच हिवाळ्यात तो ऊस तोडायला गेला. फडाजवळ ट्रॉली उलटली. तिकडेच त्याला जाळलं. बायको रुपाबाई बाळंतपणाला माहेरी, कामरगावला होती. तिला निरोप पोचला तेव्हा पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. रूपलाची चित्रं झोपडीच्या कुडाला चिकटवलेली होती म्हणतात. तो कूड पडला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

पत्र आलं तेव्हा मी लगेच कागद घेऊन बसलो होतो, हेही सांगितलं पाहिजे. चेहरा काढायची मला सवय नव्हती. मी आयुष्यभर घोंगडीरावच काढत आलो, आणि त्याला पाठीमागूनच काढायचं असतं. पण त्या दुपारी पेन्सिल अडली नाही. कपाळ आलं, डोळे आले, सगळं एकामागोमाग, जणू हाताला माहीत होतं. माझी सून रूपाली चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, हा तं जिता वाटते. आता बोलनच."

मी शाई फिरवली. पाकिटावर पत्ता लिहिला. मग वाटलं, रूपलाच्या खांद्यावर घोंगडी टाकली तर त्याला आवडेल. पुण्याचा चित्रकार घोंगडीच्या सुरकुत्या कशा काढायचा ते पाहायला मी पलंगाखालची पेटी ओढली. वाचनालय नव्या खोलीत गेलं तेव्हा जुने अंक रद्दीत निघाले होते, ते मी घरी आणून ठेवले होते. पानं उलटता उलटता तो अंक हाताला लागला.

पान उघडलं आणि समोर मी काढलेलं चित्र होतं. त्याच जुळलेल्या भुवया. तेच बारीक डोळे. कानात तीच बाळी, तीच वर गेलेली मिशी. मानेचा कलसुद्धा तोच. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मी रूपला काढलाच नव्हता. काळदरीचा सरदार काढला होता, आणि जन्मात काढला नव्हता इतका चांगला काढला होता.

मग मी रूपला आठवायला बसलो. बोटं आठवली. वाचताना ओठ हलायचे ते आठवलं. चेहरा आठवेना. रूपलाला मिशी होती का? एवढी साधी गोष्ट मला सांगता येईना. पुस्तक देताना मी माणसाच्या तोंडाकडे पाहत नसे, त्याच्या कार्डाकडे पाहत असे. दुसऱ्या कागदावर मिशीशिवाय काढलं, तर त्या अंकातला हवालदार तयार झाला. भुवया वेगळ्या केल्या तर त्यातल्याच धर्मशाळेतला म्हातारा. माझ्या हातात होते तेवढे चेहरे सगळे त्या पुस्तकातले, आणि त्यात तांड्यावरच्या माणसाचा एकच चेहरा होता, तो लुटारूचा. माझ्या शेजारी बसून रंग भरणाऱ्या माणसाचा नव्हता.

ते पाकीट मी गादीखाली सरकवलं.

रूपालीला माझं चाललेलं दिसत होतं. सोयाबीन काढताना म्हणाली, "बाबा, त्या बिचारीले उत्तर द्या. नाही जमत तं नाही म्हना." पेरणीच्या वेळी म्हणाली, "मुहूर्त पाहून राह्यले का?" दिवाळीनंतर मात्र तिने स्कूटी दाराशी आणून लावली.

"तांड्यावरचे लोकं ऊसतोडीले चालले. उद्या-परवा गाड्या लागतीन. मले मालेगावले जाचंच हाय, तुमाले तांड्यावर सोडते. या बसा."

जाताना मी ते चित्र पिशवीत घेतलं. मनात एक विचार केला होता. चित्र त्यांना दाखवायचं आणि म्हणायचं, यात चुका आहेत, तुम्ही सांगा. नाक असं नव्हतं, डोळे असे नव्हते, असं रुपाबाई म्हणत जाईल आणि मी खोडत जाईन. शेवटी जे उरेल तो रूपला असेल. हे वाक्य मी स्कूटीवर मागे बसून मनात घोकत होतो.

तांड्यावर निघायची गडबड होती. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टिनाचे पत्रे, पाण्याचे ड्रम आणि बांधलेली गाठोडी चढत होती. निताचं घर विचारत गेलो. ती दारातच कोयत्यांना गोणपाट गुंडाळत होती. पस्तिशीची बाई, उन्हाने रापलेली.

"मी... किन्हीराजाचा..."

"जगदेवकाका," ती म्हणाली. "मले वाटलं मेले असान तुमी."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पत्राचं उत्तर नाही, फोन नाही. आईले म्हटलं, तुहा चित्रकार गेला वर, आता तिथंच काढीन बापाचं चित्र, समोर बसवून." मग तिने आत हाक दिली, "आई, आले व तुहे जगदेवभाऊ."

रुपाबाई खाटेवर बसली होती. आवाजाच्या दिशेने तिने तोंड वळवलं आणि मग मान हळूहळू हलवत मला शोधलं. बारीक नळीतून पाहावं तसं तिला दिसत होतं. आधी माझा सदरा सापडला, मग हनुवटी.

"बसा भाऊ. तो म्हने, जगदेवभाऊ मानसाशी बोलत नाही, कागदाशी बोलते."

निताचा नवरा लखन आतून पाणी घेऊन आला. मी पाणी प्यालो. मग घोकलेलं वाक्य म्हणायला लागलो. "काढलं हाय. पन त्यात चुका..." निताने तेवढ्यात पिशवीतून पाकीट काढलंही होतं.

तिने चित्र हातात धरलं आणि तिची चेष्टा थांबली. तिने ते दाराच्या उजेडात नेलं.

"असा होता?" तिने मला विचारलं.

"तुह्या आईले दाखव," मी म्हणालो.

रुपाबाईने कागद डोळ्यांजवळ धरला. पूर्ण चित्र तिला एकदम दिसत नव्हतं. कागद ती थोडा थोडा सरकवत होती, चाळणीवर दाणे सरकवावे तशी.

"हा कान. बाळी. बाळी होती त्याले, लग्नातली." कागद सरकला. "हा डोया." पुन्हा सरकला. "मिशी?"

मी पुढे वाकलो.

"मिशी नोती त्याले."

"बरोबर," मी म्हणालो. "ते चुकलं हाय, तेच मी..."

"थांबा भाऊ." तिने कागद मांडीवर ठेवला. "मी तं माहेरी होती. ईचं बाळंतपन. तो फडावर निघाला तवा मी कुठं होती इथं? त्या दिवसात ठेवली असन." मग तिने तोंड वर केलं आणि मला शोधत म्हणाली, "जाच्या आधी तुमच्याकडं आलता ना तो? तवा होती ना मिशी?"

निता माझ्याकडे पाहत होती. लखन पाहत होता. मला माहीत नव्हतं. 'मला माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. माझी मान हलली. ती कशी हलली, हे मला सांगता येईल. ती वरून खाली हलली.

"हो म्हनते काका," निताने आईला सांगितलं.

"ठेवलीच असन," रुपाबाई म्हणाली. तिने मिशीवरून बोट फिरवलं. "मले दाखवाची राह्यली." कागद पुन्हा डोळ्यांशी नेला. "रागीट दिसते जरासा."

"उन्हात उभा असन," निता म्हणाली.

"व्हय. उन्हात डोये असेच करे तो."

मी तिथे बसून होतो आणि माझ्यादेखत ती त्या सरदारात आपला नवरा भरत होती. डोळे बारीक कशाने, तर उन्हाने. भुवया जुळलेल्या कशाने, तर कपाळाला आठ्या घालायची सवय. प्रत्येक चुकीला तिच्याकडे कारण होतं. रूपलाच्या वयाचं कुणी तांड्यावर उरलं नव्हतं, भाऊ गेला होता, काका गेला होता. शेजारच्या बाया जमल्या, त्यांनी चित्र पाहिलं, "निताचंच नाक हाय" म्हणाल्या. लखनने मोबाईलवर चित्राचा फोटो घेतला.

"तांड्याच्या ग्रुपवर टाकतो. सासऱ्याचं तोंड पाह्यलं मी आज."

"काका, यात रंग भरा," निता म्हणाली. "आन खांद्यावर ते घोंगडी पाह्यजे, तुमच्या पुस्तकातली. आई नेहमी सांगते. आमी आता निघालो. आईलेही संग नेतो, इथं कोन पाहीन तिले. तिकडचा पत्ता देते, पोस्टानं पाठवा. लखन तिथं फ्रेम करून आनीन." तिने चित्र पाकिटात घालून माझ्या हातात दिलं आणि रूपालीचा मोबाईल नंबर मागून घेतला, माझा नको म्हणाली. "आता उशीर नका करू. तिची नजर आपल्यासाठी थांबाची नाही."

परतताना मी रूपालीला सगळं सांगितलं. तिने स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली.

"मंग झालं काय? म्हातारी खुश झाली ना?"

"ते चोराचं तोंड हाय."

"कोनाले मालूम हाय? ते पुस्तक तुमच्या पेटीत हाय."

दुसऱ्या दिवशी तीच मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. तिने पुस्तकाचं नाव टाकून पाहिलं होतं. घोंगडीराव मेलेला नव्हता. कुणीतरी सगळे जुने अंक पान न पान मोबाईलवर चढवले होते. पुण्या-मुंबईची तरुण मुलं आजही त्याची चित्रं काढत होती, मोटरसायकलवर बसलेला, मेट्रोत उभा.

"याले फॅन आर्ट म्हनतात बाबा. तुमी करत होते तेच." पण ती हसत नव्हती. तिने अंगठ्याने खाली सरकवलं. "हे पाहा."

तो सरदार होता. कुणा हुशार मुलाने झकास रंगवलेला, दातात सुरी, मागे आरशांच्या घागऱ्यांतल्या बाया. खाली लिहिलं होतं, 'काळदरीचा लुटारू, माझा सगळ्यात आवडता व्हिलन.' त्याखाली शेकडो लोकांचे पसंतीचे अंगठे होते. तोंड तेच होतं, जे लखनने तांड्याच्या ग्रुपवर टाकलं होतं.

"निताचा पोरगा नववीत हाय म्हने," रूपाली म्हणाली. "दिवसभर मोबाईलवर असते." आणि ती घरकामाला लागली.

मी रंग भरायला बसलो. आधी घोंगडी काढली. घोंगडी मला येते. सुरकुत्या, दशा, कडेची काळी पट्टी, सगळं नीट झालं. मग कोऱ्या कागदावर चेहरा उतरवून त्यात थोडे बदल करून पाहावेत असं ठरवलं. डोळे जरा मोठे केले तर तो रुपाबाईने उन्हात उभा केलेला माणूस राहीना. मिशी खाली वळवली तर तिने बोट फिरवलं होतं ती मिशी गेली. तिने ओळखलेला चेहरा ठेवायचा तर तो चोराचा होता. चोर पुसायचा तर तिचा नवरा पुसला जात होता. मी कागद उन्हात धरायचो, सावलीत धरायचो आणि पुन्हा पाकिटात घालायचो. हरभऱ्याला फुलं आली. तूर कापायला झाली.

एका सकाळी रूपालीच्या मोबाईलवर निताचा फोन आला. रूपालीने तो सरळ माझ्या कानाला लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"काका, आईले आता काहीच दिसत नाही. उजेड हाय का अंधार एवढंही नाही समजत."

मी म्हणालो, "अरेरे."

"ती रडत नाही काका. म्हनते, पाह्यलं मी त्याले, डोयात बसला हाय, आता काही पाहाचं नाही राह्यलं. पोराईले सांगत राह्यते, तुमचा आजा असा होता, अशी मिशी होती. तुमी चित्र पाठवा. आता घाई नाही, पन पाठवा."

फोन बंद झाल्यावर मी ओट्यावर बसलो. इतके दिवस मी दोन बाजू तोलत होतो, आणि त्यातली एक बाजू आता उरली नव्हती. रुपाबाईने शेवटचं जे तोंड पाहिलं ते काळदरीच्या सरदाराचं होतं. ते आता कुणाला तिच्या डोळ्यांतून काढता येणार नव्हतं. नवं चित्र काढलं तरी दाखवायचं कुणाला? पण भिंतीवर टांगलेलं चित्र आंधळ्या माणसासाठी नसतं. ते निता पाहणार होती, रोज, हार घालताना. तिचा मुलगा पाहणार होता. पत्र निताने लिहिलं होतं, प्रश्न तिचा होता. आईला काय दिसलं, पोराला काय दिसेल, यातच मी गुंतलो होतो, आणि जिने विचारलं तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

मी पेटी उघडली. तो अंक काढला. सरदाराचं पान शिवणीपाशी धरून ब्लेडने कापलं. मागच्या पानावर घोंगडीराव होता, कंदील धरून उभा, तोही त्याबरोबर कापला गेला.

रूपाली दारात उभी होती. "पुस्तक फाडलं तुमी?"

"फाडलं."

"कोनाले हात लावू देत नव्हते त्याले." ती आत आली. "तिले सांगनार आता? तिची माय आंधळी झाली, ती दिवसभर ऊस तोडते, आन तुमी तिले हे पाठवनार?"

"व्हय."

"तुमच्या जिवाले बरं वाटावं म्हनून?"

"मले बरं नाही वाटून राह्यलं," मी म्हणालो.

टेबलावरचं माझं चष्म्याचं घर उचलून तिने माझ्या हातात दिलं आणि बाहेर गेली.

मी लिहायला बसलो. लिहून झाल्यावर वाचलं आणि पुन्हा लिहिलं नाही, कारण पुन्हा लिहिलं असतं तर पाठवलं नसतं.

'चि. निता, तू विचारलं होतंस, बाप दिसायला कसा होता. मला त्याचं तोंड आठवत नाही. त्याला मिशी होती की नाही हेही मला माहीत नाही. तुझ्या आईने विचारलं तेव्हा मी मान हलवली, ती खोटी होती. सोबत पुस्तकाचं एक पान आहे. मी काढलेलं चित्र त्याच्या शेजारी ठेवून पाहा. ते तुझ्या बापाचं नाही. तुमच्या लोकांना चोर ठरवून काढलेल्या एका चेहऱ्याची ती नक्कल आहे. मी ती जाणूनबुजून केली नाही, पण झाली माझ्याच हातून. घोंगडी तेवढी त्याला आवडायची तशी आहे.

मला जे आठवतं ते एवढं. त्याची बोटं निळीने निळी असत. बैल काढताना तो शेपटीपासून सुरुवात करायचा. वाचताना ओठ हलायचे. हसण्याची जागा यायच्या आधीच तो हसायला लागायचा, कारण पुढचं पान त्याने आधी पाहून ठेवलेलं असायचं. तो दाराशी बसायचा, मग टेबलाशी बसायला लागला. ते पान छापून आलं तेव्हा त्याने ते वाचलं होतं. त्याला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

चित्र टांगायचं की जाळायचं ते तू ठरव. आईला सांगायचं की नाही तेही तूच ठरव. हा भार मी तुझ्यावर टाकतो आहे हे मला कळतं. लखनने फोटो ग्रुपवर टाकला आहे, त्याचंही पाहा. तुम्ही फाल्गुनात परत आलात आणि तू येऊ दिलंस, तर मी येईन, तुझ्यासमोर बसेन आणि तुझं तोंड नीट पाहून काढायचा प्रयत्न करेन. तुझ्यात तो किती आहे हे मला माहीत नाही. नाही म्हणालीस तरी मला समजेल.

जगदेव.'

पत्र, पान आणि चित्र मी एका मोठ्या पाकिटात घातलं. डिंक लावून तळहाताने दाबून धरलं. रूपालीने स्कूटीची चावी पुढे केली, पण मी चालत गेलो. पोस्ट लांब नाही. आत खिडकीशी एक मुलगी बसलेली होती, मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिने पाकीट काट्यावर ठेवलं आणि पत्ता वाचला.

"ऊसतोडीच्या टोळीले पाठवून राह्यले काका? तिथं लोकं एका जागी राह्यत नाहीत. नाही भेटलं तं वापस येईन."

"आलं तं पुन्हा पाठवीन," मी म्हणालो.

"आत काय हाय?"

"कागद."

तिने तिकिटं लावली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.